मे महिन्यात बाईकने जैसलमेरचं डेझर्ट नॅशनल पार्क, जावं का?

दादरचा_डबलसीट
नमस्कार मंडळी, सुट्टी मिळालीय ती नेमकी मेच्या तिसऱ्या आठवड्यात. पोरगा आजोळी कोल्हापूरला, मी आणि बायको ३५० सीसी एअरकूल्ड गाडीवर मुंबई-अहमदाबाद-सांचोर-बाडमेर-जैसलमेर, मग सम, खुरीच्या वाळूच्या टेकड्या आणि जमलंच तर माळढोक पक्षी. त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला दोनदा जाऊन हात हलवत परत आलोय. उकाड्याचं काही नाही, मे महिन्यात भर दुपारी घोडबंदरला ट्रॅफिकमध्ये उभा राहिलेला माणूस आहे मी. मेश, म्हणजे जाळीचं जॅकेट घेतलंय. पाणी किती ठेवू, टायरची हवा कमी करू का आणि मुळात जावं का? आई म्हणते डोकं फिरलंय.

घाटकोपर_ते_कुठेही
आईचं बरोबर आहे, पण असो.
भावा, पहिलं ते घोडबंदर विसर. इथे घाम वाळत नाही म्हणून जीव नकोसा होतो, पण निदान कळतं तरी की आपले हाल चाललेत. तिकडे हवा एवढी कोरडी की घाम आला कधी आणि उडाला कधी पत्ता लागत नाही, शर्ट कोरडा ठणठणीत, तुला वाटतं मस्त चाललंय. मी एकदा जूनमध्ये गेलेलो, बाडमेरच्या पुढे गिअर टाकताना क्लच कुठल्या हाताला ते आठवेना. खरंच आठवेना. ढाब्यावाल्याने बाजेवर आडवं करून अंगावर बादली ओतली तेव्हा कुठे माणसात आलो.
आणि मेश जॅकेट घरी ठेव. आपली कातडी साधारण ३५ अंशाची, हवा ४५ ची, म्हणजे जितका वारा घेशील तितका तापशील, हेअर ड्रायरसमोर बसल्यासारखं. आत कॉटनचा टीशर्ट चिंब ओला, वर साधं जॅकेट, त्याच्या हवेच्या झडपा जवळजवळ बंद, गळ्याशी आणि मनगटाशी थोडी फट, हेल्मेटची काच खाली. मेशखाली ओला टीशर्ट बघता बघता वाळतो.
फलोदीला ५१ अंश झालेले ते १९ मे २०१६ ला. तुझाच आठवडा बघ.

वॉर्डमधली_रायडर
नर्स आहे म्हणून लिहिते. नुसतं पाणी ढोसत राहू नका, घामातून मीठही जातं. ओआरएसचं मोठं पाकीट बरोबर एक लिटरमध्ये, आणि तहानेची वाट न बघता दर थांब्याला थोडं थोडं. कोणी असंबद्ध बोलायला लागलं, चालताना झोकांड्या गेल्या तर हॉस्पिटल शोधत बसू नका, आधी सावली, कपडे सैल, अंगावर पाणी आणि वारा, आणि हे चालू असतानाच अँब्युलन्सला फोन. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही ओतू नका.
मागे बसणाऱ्याकडे लक्ष ठेवा, दादा. तिला पेंग आली तरी तुम्हाला कळणार नाही. दहा मिनिटांनी खांद्यावर टपली असं ठरवून घ्या, टपली नाही आली की गाडी बाजूला.

लालबागचा_पान्हा
हवा कमी करायची नाही!! हवा कमी की टायर जास्त दबतो आणि आणखी तापतो. पहाटे थंड टायरवर मॅन्युअलमधला डबलसीटचा आकडा भर, दुपारी वाढलेला दिसला म्हणून सोडत बसू नकोस. ऑइल बदलून निघ. मोबाईल हँडलवर उन्हात ठेवलास तर तापून बंद पडेल, मग मॅप गेला. साईड स्टँडखाली चपटा दगड, नाहीतर वाळूत गाडी लोळलीच म्हणून समज. रस्त्यावर वाळूचा पट्टा आला की त्याच्या आधीच वेग कमी, वाळूवर पुढचा ब्रेक नाही.

मालाड_माइंडस्पेस
जुलै २०२४ ची अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीची बातमी वाचली असेल. सहा बाईकवाले, ५३ अंश, एक जण गेला. हवा तापून एवढी विरळ झालेली की हेलिकॉप्टरसुद्धा येऊ शकलं नाही. आणि तिथली यंत्रणा केवढी.

पाखरूवेडा_ठाणेकर
माळढोकचं मी सांगतो. पार्क ३,१६२ चौरस किमी, जैसलमेर आणि बाडमेर दोन्हीकडे पसरलेलं, म्हणजे गेलो आणि दिसला असलं काही नाही. तिकडे त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी. उन्हाळा-पावसाळा हा त्याचा विणीचा काळ, मादी जमिनीवर बहुतेक एकच अंडं घालते, विजेच्या तारांना धडकून मरतात ते वेगळंच. त्यात आपण फटफटी घेऊन कशाला? डिसेंबरमध्ये ये, आत वनखात्याची परवानगी काढून जीपने, बाईक बाहेर. बोनस म्हणून फलोदीजवळ खीचनला करकोचे.

घाटकोपर_ते_कुठेही
तरी जाणारच असशील तर मुंबईपासून चालवू नकोस, वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरीने जोधपूर गाठ, गाडी पार्सलने. पहाटे पाचला निघायचं, दहाला खोलीत. संध्याकाळी उजेड साडेसातपर्यंत असतो पण रस्ता तापलेलाच असतो.

दादरचा_डबलसीट
बायकोने सगळं वाचलं. टपलीचं वाचून म्हणाली, मी कशाला जागी राहू, तूच डिसेंबरची रजा टाक. मेमध्ये कोल्हापूर, तेही गाडीने नाही, महालक्ष्मी एक्स्प्रेसने. पार्सलला टाकी रिकामी करावी लागते ना?

लालबागचा_पान्हा
पूर्ण रिकामी. आरसीची झेरॉक्स घे, टाकीला गोणपाट स्वतः नीट बांधून घे, आरसे काढून सॅकमध्ये. जोधपूरला उतरलास की पंपापर्यंत ढकलावी लागेल, तेव्हा बायकोच्या हातात सामान देऊ नकोस.