कॅफेच्या पाट्यांसाठी: इंग्रजी खाद्यशब्दांची मुळं तपासून हवीत

ब्रशवाला:
फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका कॅफेसाठी पुणेरी पाट्या रंगवतोय. एका पाटीवर मेनूतला एक इंग्रजी शब्द, खाली दोन ओळींत त्याचं मूळ. नेटवर मिळालेलं असं: 'अ नॉरेंज'चं इंग्रजांनी 'अ‍ॅन ऑरेंज' केलं, जिंजर शृंगवेरावरून, म्हणजे शिंगासारखं अंग असलेलं, केचप अमेरिकन, बिस्किट म्हणजे दोनदा भाजलेलं, पंच म्हणजे पाच जिन्नस. यातलं काय रंगवू?

अनुस्वार:
ऑरेंज थांबवा. संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज, स्पॅनिश नारान्हा, इथवर 'न' शाबूत आहे. तो गळला फ्रेंच-इटालियनमध्ये (इटालियनमध्ये 'अरांचा'). इंग्रजीत शब्द 'न'विनाच पोचला. 'अ'ने 'न' खाल्ला तो एप्रनचा, मूळ 'नेप्रन'. ती पाटी भटारखान्याच्या दारावर लावा.

जिंजरची साखळी बरोबर: शृंगवेर, पाली सिंगिवेर, ग्रीक झिंगिबेरिस, मग लॅटिन. शिंग मात्र काढा. मल्याळममध्ये 'इंजी' म्हणजे आलं आणि 'वेर' म्हणजे मूळ. हा द्राविडी शब्द उचलताना संस्कृतात त्याला 'शृंग' चिकटवलं. फॉरवर्ड तेव्हाही फिरत होते म्हणायचे!

खारी_बटर:
केचप अमेरिकन नाही. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरच्या होक्कियेन बोलीत 'के-चिआप' म्हणजे खारवलेल्या माशांचा रस. मलायामार्गे तो सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला. इंग्लंडात आधी मश्रूमचं, अक्रोडाचं केचप व्हायचं. टोमॅटो एकोणिसाव्या शतकात. गिऱ्हाईक शाकाहारी असेल तर 'मासे' जरा बारीक अक्षरात.

बिस्किट बरोबर, लॅटिन 'बिस कोक्टुस'. पण चित्र श्रूसबेरीचं काढू नका, ती एकदाच भाजतात. आधी पाव भाजायचा, गार झाला की काप करून ओलावा जाईपर्यंत मंद आचेवर पुन्हा भाजायचे. म्हणजे आपला बेकरीतला टोस्ट. ओलावा राहिला की बुरशी येते, म्हणून जहाजावर दोनदा भाजलेलंच न्यायचे.

ब्रशवाला:
आणि पंच?

अनुस्वार:
दारू, पाणी, लिंबू, साखर, मसाला हे पाच. 1632च्या ईस्ट इंडिया कंपनीच्या एका पत्रात शब्द सापडतो, पण दारूच्या पिंपाला इंग्रजीत 'पंचन' म्हणत, त्यावरून आला असंही काही अभ्यासक मानतात. 'बहुधा' घाला.

ब्रशवाला:
'बहुधा' लिहिलेली पाटी पुण्यात कोण वाचणार?

अनुस्वार:
मग पंचची पाटी करू नका.