मदत हवी आहे: छापा-छापा आणि छापा-काटा, शर्यत बरोबरीची, मग सरासरी ६ आणि ४ कशी?

पांझराकाठ (साक्री):
नमस्कार मंडळी. २२ डिसेंबरच्या गणित दिनाला आठवी-नववीच्या पोरांकडून नाण्याचा एक खेळ करून घ्यायचा आहे. एकच नाणं उडवत राहायचं, निकाल ओळीनं लिहीत जायचा. एका गटाचा नमुना छापा-छापा (छाछा), दुसऱ्याचा छापा-काटा (छाका). ज्याचा नमुना आधी लागोपाठ पडेल तो जिंकला.

शक्यता दोघांची सारखी, इथपर्यंत ठीक. पहिला छापा पडेपर्यंत कोणाचंच काही होत नाही, आणि तो पडला की पुढच्याच फेकीत निकाल. पण प्रत्येक नमुन्याला सरासरी किती फेकी लागतात ते काढलं की गाडी अडते. छाकाला पहिल्या छाप्यासाठी २ आणि मग काट्यासाठी २, म्हणजे ४. छाछासाठी सुरुवातीपासूनची सरासरी स आणि एक छापा हातात असतानाची अ धरली, तर स = १ + अ/२ + स/२ आणि अ = १ + स/२. यातून स = ६.

एकाला ६ लागतात, दुसऱ्याला ४, तरी शर्यत बरोबरीत? पोरं "हाई कसं व्हयनं?" विचारतील, तेव्हा समीकरणापलीकडचं काहीतरी सांगता आलं पाहिजे. शिवाय वर्गात हे आकडे दिसायला किती डाव लागतील?

गिरणाथडी (भडगाव):
दोन्ही आकडे बरोबर आहेत, भाऊ. आधी कोण आलं एवढंच शर्यत बघते. हरलेल्याला त्यानंतर किती थांबावं लागलं, ते सरासरीत येतं. फरक सगळा तिथेच आहे.

ही ओळ फळ्यावर लिहा: का छा का छा का का छा छा. तिसऱ्या फेकीला छाका पूर्ण झाला. त्या क्षणी छाछावाल्याच्या हातात काय उरलं? काटा. त्याचं सगळं पहिल्यापासून सुरू, अजून सरासरी ६ फेकी. या ओळीत तो आठव्या फेकीला पोचला. आता उलट धरा, छाछा आधी आला. छाकावाला हरला, पण त्याच्या हातात ताजा छापा आहेच. त्याला फक्त एक काटा हवा, म्हणजे सरासरी २ फेकी.

शर्यत संपायला सरासरी ३ फेकी लागतात, आणि प्रत्येकजण निम्म्या डावांत हरतो, म्हणून पुढची प्रतीक्षा निम्मीच धरायची. छाछाची सरासरी ३ + ६/२ = ६, छाकाची ३ + २/२ = ४. तुमचेच आकडे, फक्त आता कुठून आले ते दिसतं.

एक पुरवणी. १०० फेकींच्या ओळीत शेजारच्या जोड्या ९९, आणि छाछा व छाका दोन्ही सरासरी २४.७५ वेळा येतात. संख्या सारखीच, पण छाछा झुबक्यानं येतात: छा छा छा या तीन फेकींतच दोन छाछा आहेत. झुबके झाले की मधल्या मोकळ्या जागा लांबतात, आणि सुरुवातीपासून थांबणारा माणूस त्या लांब जागेत सापडतो. पोरांना हे समीकरणापेक्षा लवकर पटेल असं मला वाटतं.

सातपुडा_पायथा (यावल):
वर्गातल्या मांडणीबद्दल. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे: एक नमुना आला की पोरं डाव थांबवतात. मग हरलेल्याची लांब प्रतीक्षा वहीत उतरतच नाही आणि दोघांची सरासरी ३ च्या आसपास येते. जिंकणारा नोंदवा, पण दोन्ही नमुने येईपर्यंत उडवत राहा. प्रत्येक फेकीला अनुक्रमांक द्या.

दुसरी चूक, फेकी दोन-दोनच्या जोड्यांत तोडणं. १-२, ३-४ असं वाचलं तर दोन्ही नमुन्यांना सरासरी ४ जोड्या, म्हणजे ८ फेकी लागतात आणि फरकच उरत नाही. १-२, २-३, ३-४ असंच वाचायचं.

डाव किती? छाछाच्या प्रतीक्षेचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात त्याचं माप) √२२, म्हणजे सुमारे ४.७; छाकाचं २. दहा डावांत छाछाची सरासरी सहज दीडने हलते, फरक दिसेलच असं नाही. ४० पोरांनी पाच-पाच डाव केले तर २०० होतात आणि ती हालचाल ०.३३ वर येते. तेवढे पुरेत. सिंहमुद्रा छापा, आकडा काटा, हे आधीच ठरवून घ्या. नाणं हवेत उडवा, बाकावर गरगर फिरवू नका. फिरवलेलं नाणं एका बाजूला झुकण्याचा धोका जास्त.

पांझराकाठ:
आभार दोघांचे. हाच खेळ तीन फेकींच्या नमुन्यांचा केला तर?

गिरणाथडी:
मग खरी मजा. हा वॉल्टर पेनीचा खेळ, १९६९ मध्ये मांडलेला. समोरच्याला नमुना आधी निवडू द्या. तुमचा नमुना निवडायचा नियम असा: त्याच्या मधल्या निकालाचा उलट घ्या आणि त्यापुढे त्याचे पहिले दोन जोडा. त्यानं छाछाछा घेतलं तर तुम्ही काछाछा. तुमची शक्यता ७/८. कारण पहिल्या तीनही फेकी छापा पडल्या तरच तो जिंकतो. नाहीतर छाप्यांच्या कुठल्याही रांगेआधी काटा असणारच, आणि तिथे तुमचा नमुना एक फेक आधी पूर्ण होतो. छाछाकाला काछाछा ३/४ नं हरवतो. छाकाछा आणि छाकाका या दोघांनाही छाछाका २/३ नं. उरलेल्या चारांसाठी छापा-काटा अदलाबदल करा.

सर्वांत भारी नमुना मात्र कोणताच नाही. छाछाका हरवतो छाकाकाला, छाकाका हरवतो काकाछाला, काकाछा हरवतो काछाछाला, आणि काछाछा परत छाछाकाला. म्हणून आधी निवडणारा नेहमी अडचणीत.

सातपुडा_पायथा:
नववीच्या हुशार पोरांसाठी चार फेकींचं एक: काछाकाछा विरुद्ध छाकाछाछा. सरासरी प्रतीक्षा पहिल्याची २०, दुसऱ्याची १८. तरी शर्यतीत जास्त प्रतीक्षेवाला पहिलाच ९/१४ शक्यतेनं जिंकतो. कारण शोधायला त्यांनाच लावा. सुरुवात म्हणून एवढंच विचारा: छाकाछा पडून झालं आहे, त्याआधी काटा पडला असेल तर काय होतं?