मित्राचं नुसतं ऐकून घेतलंय का कधी? अनुभव सांगा

पेठकर: आज पुण्यात शास्त्री रोडला काम होतं, अभ्यासिकांचे बोर्ड बघून जुना रूममेट आठवला. एमपीएससीची प्रिलिम थोडक्यात हुकली तेव्हा मेसचा डबा तसाच पडून राहायचा, अंघोळीचाही कंटाळा. मी काय सल्ला देणार, माझाही निकाल तोच. रात्री लकडी पुलापर्यंत चालत जायचो, तो बोलायचा, मी फक्त 'हं'. नंतर म्हणाला, घरचे फोनवर 'टेन्शन घेऊ नको' म्हणतात आणि ठेवून देतात. तुमचे अनुभव?

उन्हाळवाळवण: मैत्रिणीचं बाळंतपण झालं आणि ही रोज रडायची. सगळे म्हणे एवढं गोड बाळ आणि रडतेस काय. मी भांडी घासताना फोन स्पीकरवर, कधीकधी ती बोलायचीच नाही, नुसतं बाळाचं रडणं ऐकू यायचं. शेवटी तिच्या नवऱ्यालाच फोन लावला, तो डॉक्टरकडे घेऊन गेला. डिलिव्हरीनंतरचं डिप्रेशन निघालं, गोळ्यांनी फरक पडला

बंड्या९६: आमच्यात कोणी सेंटी झालं की लगेच 'बसूया का?' सकाळी ना सांगणाऱ्याला आठवत ना ऐकणाऱ्याला 😅

साधीसुधी: बंड्या, हसू आलं पण खरंय.
मी मित्राला सरळ विचारलं होतं, जीव द्यावासा वाटतो का? माझेच हात थरथरत होते. विचारल्याने डोक्यात भलतंच येतं असं नसतं, उलट तो सुटल्यासारखा बोलला. हो म्हणाला. मग त्याला एकटं सोडलं नाही, तिथूनच टेली-मानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ वर फोन केला, मराठीत बोलतात, फुकट, चोवीस तास. भाऊ येईपर्यंत त्याच्याच खोलीत बसले

पेठकर: बाप रे. बरा आहे ना आता?

साधीसुधी: हो, औषधं चालू आहेत. परवा कांदे किती महाग झाले म्हणून माझ्याशी भांडला 😄

खान्देशी_तडका: पेठकर, मेस कुठली? नवी पेठेत एक मावशी होत्या, वरणाला काय चव होती! असो. ऐकणाऱ्याचंही बघा जरा. माझी एक मैत्रीण रोज रात्री दोन-दोन तास, मलाच झोप लागेना. मग सांगितलं, बाई, मंगळवार-शुक्रवार बोलू, बाकी दिवस मेसेज टाक. आधी फुगली, मग समुपदेशकाकडेही जायला लागली

उन्हाळवाळवण: मंगळवार-शुक्रवार 😂 पाणी येतं तसं

कोपऱ्यातला: वाचतोय सगळं. लहान गावात कुठे दाखवायचं पण? मित्रासाठी विचारतोय

साधीसुधी: जिल्ह्याच्या सिव्हिलला मनोविकाराची ओपीडी असते, केसपेपर काढून जायचं. आणि मित्र असो नाहीतर तुम्ही, व्यनि (खाजगी मेसेज) करा, आहे मी. कुकर लावून येते