पंधरा वर्षांखालचा संघ उभा राहत नाही म्हणून दोन क्लब एक करावेत का?

शिरोली_दुसरी_पाळी

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या एका उपनगरात पोरांचा फुटबॉल क्लब आहे, त्याचा मी सचिव. सचिव म्हणजे काय, तर वर्गणी गोळा करायची, जाळी फाटली की गाठी मारायच्या आणि पाऊस झाला की गोलपुढचं पाणी घमेल्यानं उपसायचं. पोटापाण्याला शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे.

पेठांतल्या तालमींचं फुटबॉल तुम्हाला माहीत आहेच. शाहू स्टेडियम, हलगी, वर्ल्ड कपच्या वर्षी चौकाचौकात मेस्सी-नेमारचे कटआउट. आमच्याकडं तसलं काही नाही. आम्ही फक्त वयोगटातली पोरं खेळवतो. ओढ्यापलीकडं तसाच दुसरा क्लब आहे. त्यांच्याशी आमचं नातं एवढंच, की मे महिन्यात त्यांच्या स्पर्धेत ऑफसाइडवरून आम्ही भांडायचं आणि दिवाळीनंतर आमच्या स्पर्धेत त्यांनी.

2021 च्या जुलैत पंचगंगेचं पाणी त्यांच्या मैदानावर चढलं. ओसरल्यावर घोटाभर गाळ राहिला, म्हणून दोन महिने त्यांची पोरं आमच्याकडं सरावाला आली. पोरांची आठवड्यात मैत्री झाली, मोठ्यांना चार वर्षं लागली. आता दोन्हीकडच्या कमिट्या म्हणतायत, एकच क्लब करू.

कारण सांगतो. आमच्याकडं तेराखालची 24 पोरं आहेत, पंधराखालची 9 आणि सतराखालची 12. त्यांच्याकडं तेराखालची 22, पंधराखालची 13 आणि सतराखालची 6. नववी संपली की पोरगं साडेपाचच्या क्लासला जातं आणि मैदानावर परत येतं ते थेट बारावीनंतर, पोट घेऊन. गेल्या मोसमात पंधराखालच्या दोन मॅच आम्ही खेळलोच नाही, अकरा जण जमले नाहीत म्हणून. पंधरामध्ये गोलकीपर आमचा एक, त्यांचे दोन.

आमच्याकडं शाळेचं मैदान आहे, म्हणजे मुख्याध्यापकांची तोंडी परवानगी आहे. त्यांच्याकडं डी लायसन्सवाला (म्हणजे कोचिंगचा परवाना काढलेला) कोच आणि बँकेत जरा बरी शिल्लक. त्यांची फी महिना 800, आमची 300. दोन्ही क्लब धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेले. दोघांचेही चषक कुणाच्या तरी आजोबांच्या स्मरणार्थ आहेत, आणि दोन्हीकडचे नातू कमिटीत बसलेत.

जर्सीवरून तर दोन मीटिंगा वाया गेल्या. आमची मरून, त्यांची पिवळी. एकानं अर्धी-अर्धी सुचवली तेव्हा मागून आवाज आला, 'मग जॉकीसारखं घोड्यावरच बसवा.'

कुणी असं केलंय का? कुठं फसतं?

---

कोर्ट_आवारातला_चहा

सचिवसाहेब, मी धर्मादायचं काम करणाऱ्या वकिलांकडं कारकून आहे. जर्सी राहू द्या बाजूला, आधी दोन्ही संस्थांचे पीटीआरचे, म्हणजे धर्मादायच्या न्यास नोंदवहीचे, उतारे काढा. नोंदणीच्या वेळचे सात जण अजून तसेच दिसतील बघा. त्यातले दोन वारले असतील, एक मुलाकडं पुण्याला असेल. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, तो तुमच्यापैकी कुणी दिला नसणार. मग आज ठराव करणारे तुम्ही कागदावर कोण?

विलीनीकरणाला संस्था नोंदणी कायदा, 1860 चं कलम 12 बघा. प्रस्ताव लेखी हवा आणि सभेच्या दहा दिवस आधी सभासदांना पोचलेला हवा. तीन-पंचमांश मतं लागतात. महिन्याच्या अंतरानं दुसरी सभा, तिथं परत तीन-पंचमांश. शिवाय दोन्ही संस्था सार्वजनिक न्यास, म्हणजे महाराष्ट्राच्या विश्वस्त कायद्याचं 50-अ आलं. त्याखाली धर्मादाय आयुक्त दोन न्यासांची मिळून एक योजना करू शकतात, पण नोटीस, हरकती, म्हणणं मांडणं सगळं आलं. एका मोसमात उरकलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

'आपला बंद करून त्यांच्यात जाऊ' हा शॉर्टकट कुणी सुचवेल. विसर्जनालाही तीन-पंचमांश लागतात आणि उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही. गोलपोस्टसुद्धा.

आणि मैदानाची परवानगी आजच लेखी घ्या. मुख्याध्यापक कधी रिटायर होतायत?

---

चार_नंबरचा_बॉल

दादा, मी बारा वर्षांखालच्या मुला-मुलींना शिकवते, म्हणून माझं लक्ष तुमच्या पहिल्या आकड्यावर गेलं. 24 आणि 22 म्हणजे 46 पोरं. एक क्लब झाला की तेराखालचा संघ एकच जाणार. अठरा जणांची यादी धरली तरी 28 पोरं रविवारी घरी. आज दोन क्लब आहेत म्हणून दोन संघ जातात, त्यात दुप्पट पोरं खेळतात. पंधराखालची दोन पोरं कमी पडतात म्हणून तेराखालची 28 बसवायची, हा कुठला हिशोब?

लहान पोरं दोन्हीकडं आहेत तशी राहू द्या. उलट दर शनिवारी एकमेकांत सातसातचं खेळवा, चार नंबरचा बॉल, छोटे गोल, पंच नको. पोरं कमी पडतात ती फक्त मोठ्या दोन गटांत. जोडायचं ते तेवढंच जोडा.

फीचं बघा आधी. 300 वाल्याला 800 सांगितलेत तर तुमची 24 ची 14 होतील, आणि जाणारी बहुतेक चांगली खेळणारीच असतील. माझा अनुभव आहे.

अजून एक. रागावू नका. तुम्ही बचाव, मधली फळी, फॉरवर्ड काहीच वेगळं मोजलं नाही. गोलकीपर तेवढे मोजलेत, तेही पंधराखालचेच. तुमचा मुलगा पंधराखालचा गोलकीपर आहे का?

---

सोळा_नंबर

मी अशाच एका जोडाजोडीतला आहे. दुसऱ्या शहरात, आठवीत असताना. आमचा कोच सहायक झाला आणि त्यांचा कोच मुख्य. मुद्दाम कुणी काही केलं नाही, पण त्याला त्याची पोरं नावानं माहीत होती आणि आम्ही 'ए, निळा शॉर्ट'. वर्षभरात आमच्यातले निम्मे क्रिकेटला गेले. मी राहिलो, मला सोळा नंबर मिळाला. सगळ्या मोसमात मिळून एका हाफइतका खेळलो असेन.

जे काही कराल त्यात पहिले दोन महिने दोन्ही कोच एकत्र मैदानावर पाहिजेत. आणि प्रत्येक पोराला मॅचमध्ये किमान अमुक मिनिटं, हे लिहून ठेवा. नुसतं बोलून ते पहिल्या हरलेल्या मॅचपर्यंतच टिकतं.

---

हिरवा_मरून

नोकरीमुळं काही वर्षं कोलकात्यात काढली, त्यामुळं नावाच्या भांडणावर हसू नका एवढंच सांगतो. मोहन बागान 1889 चा क्लब. 2020 मध्ये एटीके या कोलकात्यातल्याच दुसऱ्या क्लबच्या मालकांनी फुटबॉल संघाचा 80 टक्के हिस्सा घेतला, हिरवी-मरून जर्सी ठेवली, बोधचिन्हातली होडी ठेवली, फक्त नावापुढं 'एटीके' लावलं. माझ्या ऑफिसातला शिपाई त्यानंतर मॅच बघायचाच बंद झाला. 'रिमूव्ह एटीके'चे फलक अख्ख्या शहरात. शेवटी 2023 मध्ये गोव्यात फातोर्ड्याला आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) फायनल जिंकली, त्या रात्रीच मालकांनी नाव बदलणार असं जाहीर केलं. कप हातात असताना.

उलटं उदाहरण इटलीतल्या जेनोआ शहराचं. 1946 मध्ये सांपियरदारेनेसे आणि आंद्रेआ दोरिया हे दोन क्लब एक झाले, नाव जोडून सांपदोरिया. निळ्या जर्सीवर छातीला पांढरा-लाल-काळा आडवा पट्टा, दोघांचेही रंग त्यात. आज ती जर्सी लोक जगातल्या देखण्या जर्सींत धरतात. तेव्हा मरून जर्सीवर पिवळा पट्टा अगदीच वाईट दिसणार नाही. घोड्यावर बसवायची गरज नाही.

---

शिरोली_दुसरी_पाळी

सगळ्यांचे आभार. पाळी संपवून आत्ता वाचतोय, रात्रीचा एक वाजलाय.

ताई, हो. माझाच मुलगा. आठवीत आहे. त्यांच्या दोन गोलकीपरपैकी एक याच्यापेक्षा वीतभर उंच आहे आणि क्रॉसला, म्हणजे बाजूनं गोलपुढं येणाऱ्या बॉलला, चांगला बाहेर येतो. हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे. मीटिंगमध्ये मी 'आपली अस्मिता' वगैरे बोललो, ते बोलताना डोळ्यापुढं तो उंच पोरगाच होता. लिहिताना लक्षात आलं नाही, तुम्ही वाचल्यावर आलं.

तेराखालचा हिशोब मात्र आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. तो पटला. मोठे दोन गटच जोडू असं मी आज फोनवर त्यांच्या अध्यक्षांना सुचवलं. ते लगेच हो म्हणाले, म्हणजे त्यांच्याही कमिटीत कुणाचा तरी तेराखालचा पोरगा असणार.

पण त्यात वेगळीच अडचण. एआयएफएफच्या (देशाच्या फुटबॉल महासंघाच्या) सीआरएसवर, म्हणजे खेळाडू नोंदणीच्या ऑनलाइन यादीवर, पोरगं एका वेळी एकाच क्लबच्या नावावर असतं. 'संयुक्त संघ' असा रकाना त्यात नाही. म्हणजे नाव एकाचंच लागणार आणि दुसऱ्याच्या पोरांची बदली करावी लागणार. परत तिथंच आलो.

---

चार_नंबरचा_बॉल

मग गट वाटून घ्या की. पंधरामध्ये त्यांची 13, तुमची 9, तो संघ त्यांच्या नावावर. सतरामध्ये तुमची 12, त्यांची 6, तो तुमच्या नावावर. दोघांची एकेक बदली-यादी, एकाच दिवशी सह्या. पोरांना परत यायचं असेल तर मोसम संपल्यावर ना हरकत अडवायची नाही, हे दोन्ही क्लबांच्या लेटरहेडवर लिहून. जिल्हा संघटनेला मात्र आधी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

मुलाला तुम्ही स्वतःच सांगा. ग्रुपवर यादी बघून त्याला कळायला नको.

---

कोर्ट_आवारातला_चहा

हे बरं आहे. यात कलम 12 नाही, 50-अ नाही, दोन्ही संस्था जिथल्या तिथं. साधा करारनामा करा, एका मोसमापुरता. त्यात खर्चाची वाटणी, अपघात झाला तर दवाखान्याचं बिल कोण भरणार, आणि मैदान कुणाचं, किती वाजता, एवढं आलं पाहिजे. चेंज रिपोर्ट मात्र चुकत नाही. करारावर सही करणारा माणूस पीटीआरवर असावा. गेल्या वर्षांचं ऑडिटही बघून घ्या.

---

शिरोली_दुसरी_पाळी

सांगितलं त्याला, सकाळी शाळेत सोडताना. गाडीवर मागं बसून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'तो गोल किक डाव्या पायानं मारतो, मला शिकवेल का?' मी म्हटलं, विचार त्यालाच.

पंधराखालची पोरं मे महिन्यात पिवळ्यात खेळतील. आमच्या चषकावरच्या आजोबांच्या नातवाला हे अजून सांगायचंय.

ऑडिटची फाइल शोधतोय. जुन्या खजिनदारांच्या माळ्यावर आहे म्हणे, जाळ्यांच्या खाली.