लांबलेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवावीत का?

कोडकरी
आम्ही ५ जण एका बँकेसाठी कर्जमंजुरीचं मॉड्यूल करत होतो. यूएटीला, म्हणजे बँकेच्या लोकांनी करायच्या शेवटच्या चाचणीला, सहा आठवडे उरले, काम मागे पडलं, तेव्हा वरून आणखी ७ जण आले. सगळे हुशार. पण त्यांना केटी द्यायची, म्हणजे आधीचं काम समजावून सांगायचं, कोणी? व्याजाच्या हिशोबाचा कोड ज्या दोघांना तोंडपाठ होता, त्यांनीच. पहिले दोन आठवडे त्या दोघांच्या हातून एक ओळ लिहून झाली नाही. रोजची पंधरा मिनिटांची स्टँडअप बैठक पाऊण तासावर गेली. एकदा तर दोघांनी एकाच टेबलात हप्त्याच्या तारखेचा कॉलम दोन वेगळ्या नावांनी घातला, आणि शुक्रवारची अख्खी संध्याकाळ ते निस्तरण्यात गेली. तारीख शेवटी महिनाभर पुढे ढकलली.

प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलावं लागतं. ५ माणसांत दोघादोघांच्या जोड्या होतात १०. १२ माणसांत ६६. आयबीएममध्ये ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय की लांबलेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो आणखी लांबतो. बारभाईची खेती नको. सहा जण पुरे.

रात्रपाळी
अजिबात पटलं नाही. छोट्या टीममध्ये रजेचं काय? आम्ही चौघेच होतो आणि पेमेंट जुळवणीचा जॉब (आपोआप चालणारा प्रोग्राम) फक्त मला कळायचा. वडिलांच्या बायपासच्या रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन मी तो अडकलेला जॉब पुन्हा चालवलाय. नर्स दोनदा रागावून गेली.

आणि लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, बघा. दर नऊ-दहा आठवड्यांनी आवृत्ती निघते, एकेका आवृत्तीत हजारावर लोकांचा कोड असतो. गाव करी ते राव न करी.

हिंजवडीकर
सर्व्हिस कंपनीत टीम किती मोठी हे काम कुठे ठरवतं? बिलिंग ठरवतं. माणशी दर लावला की माणसं वाढणारच.

कोडकरी
@रात्रपाळी, व्हरांड्याचं वाचून फार वाईट वाटलं. एक जॉब एकाच्याच डोक्यात ठेवणं चूकच. पण त्याला पाचवा माणूस आणि नीट लिहिलेलं रनबुक (जॉब अडकला तर काय करायचं याची टिपणं) हवं, बारा जण नव्हेत. लिनक्समध्येही नेटवर्किंग, फाइल सिस्टीम यांचे मेंटेनर, म्हणजे तो भाग सांभाळणारे, वेगवेगळे. आपापल्या भागाचे पॅच (कोडमधले बदल) तपासून ते वर लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांच्याकडे पाठवतात. म्हणजे छोट्या तुकड्याच झाल्या ना? फेसबुकने २०१४ मध्ये व्हॉट्सॲप घेतलं तेव्हा ४५ कोटी वापरकर्ते होते आणि इंजिनिअर ३२.

रात्रपाळी
व्हॉट्सॲपचं मुख्य काम निरोप पोचवणं. आमच्याकडे रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं की तारीख हलत नाही, आणि जुने बग थांबत नाहीत. मला सातवा-आठवा माणूस हवाच. तो सुरुवातीलाच द्या, यूएटीच्या तोंडावर नको, एवढं तुमचं मान्य. पण ऑन-कॉलची पाळी तुम्ही धरलीच नाहीत. चौघांत वर्षाचे १३ आठवडे मी फोन उशाशी घेऊन झोपलोय. आठ जण असतो तर साडेसहा झाले असते.