मदत हवी आहे: इस्लाममध्ये सूर्यपूजा 'अनेकेश्वरवाद' कशी? (भित्तिपत्रकासाठी, शनिवारपर्यंत)

जास्वंदी

आमच्या वाचनालयाचं रथसप्तमीचं भित्तिपत्रक यंदा माझ्या गळ्यात पडलंय. विषय 'सूर्य'. जपानची अमातेरासू, इजिप्त, आपल्याकडचं कोणार्क, सगळं लिहून झालं. इस्लामपाशी अडले. हाताशी एक जुनं टिपण आहे, त्यात एकच ओळ: 'इस्लामनुसार सूर्यपूजा हा अनेकेश्वरवाद होय.' ती तशीच उतरवायला मन घेत नाही.

इजिप्तच्या अखेनातेननं बाकीचे देव बाजूला सारून एका सूर्यबिंबाचीच पूजा चालवली. देव एकच, मग 'अनेक' आले कुठून?

दुसरं म्हणजे, शेजारच्या भाभींकडे नमाजच्या वेळांचं कॅलेंडर आहे. पाचही वेळा सूर्यावरूनच ठरतात. पण त्यात तुलू (उगवणं), जवाल (माथ्यावर येणं), गुरूब (मावळणं) असेही रकाने आहेत आणि त्या वेळी नमाज पढायची नसते म्हणे. सूर्यावर घड्याळ लावायचं आणि नेमका तो उगवताना थांबायचं? भाभी म्हणाल्या, "मना आहे," आणि कुकरकडे धावल्या.

वाद नको, माहिती द्या.

तिरकस

आता सूर्यनमस्कार येणार धाग्यावर. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जास्वंदी

बसा, पण ओसरीवर.

दर्यावर्दी

ताई, मी दापोलीकडचा कोकणी मुसलमान. आलिम (धर्मपंडित) नाही, घरी आणि मदरशात शिकलो तेवढं सांगतो.

घोळ मराठी शब्दाचा आहे. मूळ शब्द शिर्क, म्हणजे भागीदारी. 'शरीक होणे'मधला शरीक त्याचाच भाऊबंद. देव किती हे इथं मोजतच नाहीत. जी इबादत, म्हणजे उपासना, फक्त अल्लाहची, तिच्यात दुसऱ्याला वाटेकरी केलं का, एवढंच बघतात. म्हणून एकट्या सूर्याला पुजलं तरी शिर्कच. मक्केच्या लोकांबद्दल कुराण (२९:६१) म्हणतं की सूर्यचंद्राला कामाला कुणी लावलं असं विचारलंत तर तेही 'अल्लाहनं' असंच सांगतील. निर्माता एक, हे त्यांना कबूल होतं. तरी ते मुश्रिक, म्हणजे शिर्क करणारे, ठरले, कारण पूजा इतरांचीही करत. कुरैश टोळीत 'अब्द शम्स', म्हणजे सूर्याचा दास, असं नावसुद्धा असायचं.

सूर्यपूजेची खरी गोष्ट मात्र कुराणाच्या सत्ताविसाव्या सूरेत (अध्यायात) आहे, तीच घ्या. सुलेमान पैगंबर पक्ष्यांची हजेरी घेतात तर हुदहुद गैरहजर. (तोच तुऱ्याचा पक्षी. २०१४ साली विशाखापट्टणमवर आलेलं वादळ त्याच्याच नावाचं.) सुलेमान चिडलेले, आणि हा येऊन सांगतो की सबा देशाहून पक्की खबर आणलीय: तिथं एक राणी राज्य करते, तिचं भलंमोठं सिंहासन आहे आणि ती नि तिची प्रजा अल्लाहला सोडून सूर्याला सजदा (कपाळ जमिनीला टेकून नमन) करतात. सबा म्हणजे आजच्या येमेनचा भाग. लहानपणी आम्हाला राणीपेक्षा हुदहुदचंच कौतुक, राजापुढे उशिरा येऊन वर बातमी देतो!

थेट आज्ञा ४१:३७ मध्ये आहे: सूर्याला सजदा करू नका, चंद्रालाही नको, ज्यानं त्यांना घडवलं त्या अल्लाहला करा. कुराण वाचताना ही जागा आली की वाचणारा सजद्यात जातो. हुदहुदच्या गोष्टीतही अशी जागा आहे.

ध्रुवबाळ

वेळांचं मी सांगतो, आकाश हा माझा छंद. पहाटेची नमाज, फज्र, सूर्योदयाआधी संपते, जुहर सूर्य माथ्यावरून ढळला की सुरू, मगरिब मावळल्यावर. असर सावलीच्या लांबीवरून. म्हणजे सूर्याच्या हालचालीचा हिशेब आहे, पण उगवणं, माथ्यावर येणं आणि मावळणं या तीन घटका वगळल्यात. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात (पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात) या तीन वेळांना नमाज आणि दफन, दोन्हींची मनाई आलीय. उगवण्या-मावळण्याचं कारणही तिथंच आहे: सूर्य सैतानाच्या दोन शिंगांमधून उगवतो आणि तेव्हा काफिर त्याला सजदा करतात. आपला सजदा त्यांच्या सजद्यासारखा होऊ नये, असं त्यामागचं कारण सांगतात.

ग्रहणही जरूर घ्या. मुहम्मद पैगंबरांचा लहानगा मुलगा इब्राहिम वारला त्याच दिवशी सूर्यग्रहण झालं (इ.स. ६३२). लोक म्हणाले, सूर्यालाही दुःख झालं. पैगंबरांनी ते तिथंच तोडलं: सूर्य आणि चंद्र अल्लाहच्या खुणा आहेत, कुणाच्या मरणानं किंवा जन्मानं त्यांना ग्रहण लागत नाही. शोकातल्या बापानं असं म्हणावं, याचं मला कायम नवल वाटतं. ग्रहणाची वेगळी नमाजही आहे, पण ती सूर्यासाठी नाही.

दर्यावर्दी

ताई, कॅलेंडरमध्ये असरच्या दोन वेळा असतील तर चूक समजू नका. शाफई आणि हनफी हे इस्लामी कायद्याचे दोन पंथ. आम्ही कोकणी शाफई, आमची असर हनफींच्या आधी सुरू होते.

जास्वंदी

दोन वेळा आहेत खऱ्या! मी छपाईची चूक समजले होते. हे बघा, असं लिहिलंय:

'इस्लाममध्ये सूर्य ही अल्लाहची खूण आहे, पूजेचा विषय नाही. त्याला सजदा करणं म्हणजे शिर्क, अल्लाहच्या हक्कात दुसऱ्याला वाटेकरी करणं. सबाच्या राणीची बातमी हुदहुद पक्ष्यानं आणली. सूर्योदयाला सूर्य सैतान होतो म्हणून नमाज पढत नाहीत.'

दर्यावर्दी

पहिल्या तीन ओळी ठीक. चौथी बदला. शिंगं सैतानाची, सूर्य नुसता मधून येतो.