मदत हवी आहे: पायथनमध्ये दोन तऱ्हेचा ‘ऱ्य’ एकसारखा कसा करू?
नमस्कार मंडळी. देवगडच्या आमच्या आंब्याच्या पेट्यांची गिऱ्हाईक-यादी पायथनमध्ये लावतोय. पत्त्यांत ‘किनाऱ्याजवळ’ दोन प्रकारे टाइप झालंय: कुठे ऱ (युनिकोड ०९३१), हलन्त, य, कुठे साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक (२००डी) आणि य. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, पण शोधलं की दुसऱ्या प्रकारचे पत्ते सापडतच नाहीत. एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपं एकसारखी करायची ठरलेली पद्धत) लावून पाहिलं, जोडक तसाच राहतो. सरसकट जोडक उडवला तर ‘किनार्याजवळ’ होऊन रफार चढतो, ती मोडतोड मला अजिबात नको.

पायथनचं रिप्लेस (शोधून बदलायची सोय) मूळ स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, बदलत नाही, नवी देतं, हे कळलंय. र-हलन्त-जोडक या तिकडीच्याच जागी ऱ-हलन्त घालायला तेवढं पुरेल, की रेगेक्स (नमुना देऊन मजकूर शोधायची पद्धत) लागेल? सोमवारी पेट्या निघतात, कृपया तोवर सांगा.